हृदयाच्या फाईलमधला किडनीचा आकडा

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा हृदय कमकुवत झालेल्या माणसाचे पुढे कसे होणार, याचा अंदाज घेताना सगळ्यांचे लक्ष हृदयावरच असते. किती नसा बंद होत्या, स्टेंट किती टाकले, इकोत पंपिंग किती टक्के आले, हे जळगाव-धुळ्याकडच्या घरांत अगदी शाळकरी पोरालाही सांगता येते. त्याच फाईलमध्ये रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनचा आकडाही छापलेला असतो, पण तो सहसा कोणी विचारत नाही आणि विचारला तरी ‘नॉर्मल आहे’ एवढ्यावर विषय संपतो. माझे म्हणणे असे आहे की हृदयरोग्याच्या आयुष्याबद्दल हा आकडा पंपिंगच्या आकड्याइतकेच बोलतो. खानदेशात तर तो वेळच्या वेळी पाहणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, कारण इथले ऊन, इथला आहार आणि इथल्या कामाची पद्धत यांचा भार किडनीवर पडतो.

यामागचा पुरावा भक्कम आहे. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन मोठे अभ्यास आले. पहिला उत्तर कॅलिफोर्नियातल्या ११ लाखांहून अधिक प्रौढांचा होता. किडनीची गाळण क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ६० च्या वर असलेल्यांच्या तुलनेत ४५ ते ५९ च्या गटात मृत्यूचा धोका सुमारे १.२ पट, ३० ते ४४ मध्ये १.८ पट आणि १५ ते २९ मध्ये ३.२ पट निघाला. १५ च्या खाली तो जवळपास सहापट होता. दुसऱ्या अभ्यासाचा आपल्या विषयाशी अधिक जवळचा संबंध आहे. ‘व्हॅलियंट’ चाचणीतल्या साडेचौदा हजार रुग्णांना हार्ट अटॅक आला होता आणि त्यानंतर हृदय कमकुवत झाले होते. त्यांपैकी ज्यांची गाळण क्षमता ७५ किंवा त्याहून जास्त होती, त्यांच्यातले सुमारे १४ टक्के तीन वर्षांत दगावले. ४५ च्या खाली असलेल्यांत हेच प्रमाण ४५ टक्क्यांच्या पुढे गेले. आजार तोच आणि उपचारही बहुतांशी तेच, तरी किडनीच्या फरकाने मृत्यूचे प्रमाण तिपटीवर जाते. आपल्या देशात त्रिवेंद्रममध्ये २०१३ साली हृदय निकामी झालेल्या सुमारे १२०० रुग्णांची नोंदणी झाली. वाढलेले क्रिएटिनिन हे तिथेही लवकर मृत्यूशी जोडलेल्या घटकांपैकी एक ठरले.

या दोन अवयवांचे नाते डॉक्टरांना नवे नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ च्या सुमारास किडनी खराब झालेल्या रुग्णांचे शवविच्छेदन करताना हृदय मोठे झाल्याचे नोंदवून ठेवले होते. हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा जवळजवळ पाचवा भाग या दोन लहान अवयवांना जातो. हृदय थकले की हा पुरवठा कमी होतो. शिवाय पुढे न ढकलले गेलेले रक्त मागे शिरांमध्ये साचून किडनीवर उलट दाब आणते, त्यामुळे किडनीची दुहेरी कोंडी होते. रक्त कमी पडते आहे असे समजून ती मीठ व पाणी धरून ठेवणारी संप्रेरके वाढवते. शरीरात पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि आधीच थकलेल्या हृदयावर आणखी ओझे येते. पुढे पुढे किडनीच्या बिघाडाने अंगातले रक्त कमी होते आणि धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसू लागते. पाय सुजले, धाप लागली की घरात हृदयाचीच चिंता सुरू होते, पण त्या सुजेत किडनीचाही वाटा असतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की किडनी हे नुसते निशाण आहे. वय, मधुमेह आणि जुना रक्तदाब हे खरे कारण, त्यांनीच दोन्ही अवयव बिघडवले. त्यात तथ्य आहे. मात्र वरच्या अभ्यासांत वय, मधुमेह, रक्तदाब हे सगळे हिशेबात धरूनही किडनीचा स्वतंत्र वाटा उरतो. औषधांच्या चाचण्यांतून याहून बोलका पुरावा मिळतो. डॅपाग्लिफ्लोझिन हे मुळात मधुमेहाचे औषध. २०१९ च्या चाचणीत त्याने कमकुवत हृदयाच्या रुग्णांना फायदा दिला, मधुमेह नसलेल्यांनाही. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत किडनीच्या रुग्णांमध्ये त्याने किडनीची घसरण आणि एकूण मृत्यू दोन्ही कमी केले. एकाच गोळीने दोन्हींना आधार मिळतो, म्हणजे दोन्हींचा रोग कुठेतरी एकमेकांत गुंतलेला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात तिचे मूळ पेटंट संपले, स्वस्त गोळ्या आल्या आणि ती सामान्य घराच्या आवाक्यात आली.

दुसरा आक्षेप थेट दवाखान्यातला आहे. हृदयाच्या गोळ्यांनीच क्रिएटिनिन वाढते, मग त्या बंद केलेल्या बऱ्या, असे रुग्ण म्हणतो आणि कधी कधी डॉक्टरही. रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन अशा गोळ्या किडनीच्या गाळणीतला दाब उतरवतात, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडे चढणे हे अपेक्षितच असते. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक वेळा चालवून घेतात, फक्त पोटॅशियमसह पुन्हा तपासणी लागते. एनालाप्रिलच्या १९९१ च्या मोठ्या ‘सॉल्व्हड’ चाचणीचे आकडे पुढे पुन्हा तपासले गेले. औषध घेणाऱ्यांत सुरुवातीला किडनी थोडी घसरली तरी त्यामुळे मृत्यू वाढले नव्हते. बिनऔषधाच्या गटात मात्र तशीच घसरण वाईट ठरली. किडनी कमजोर आहे म्हणून हृदयाची औषधे काढून घेणे ही काळजी नव्हे. ज्याला त्यांची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्यावरच तो अन्याय होतो. उलट बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. किडनी बरीच खराब झालेल्या, पण स्थिर असलेल्या ७७७ हृदयरोग्यांवर एक चाचणी झाली. अँजिओग्राफी करून लगेच स्टेंट-बायपास करण्याने औषधांच्या तुलनेत त्यांचे मृत्यू किंवा हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. अटॅक आलेल्यांची गोष्ट वेगळी. म्हणजे किडनीचा आकडा कधी औषध जोरात द्यायला सांगतो आणि कधी सुई-तारेची घाई नको म्हणतो.

आता ‘नॉर्मल’ या शब्दाविषयी. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, म्हणून ते वय, स्त्री-पुरुष आणि अंगकाठीप्रमाणे बदलते. रिपोर्टवर १.२ छापले असेल आणि शेजारच्या मर्यादेत ते बसत असेल, तर कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. पण ३० वर्षांच्या पुरुषाचे १.२ म्हणजे ईजीएफआरच्या २०२१ च्या सूत्रानुसार गाळण क्षमता सुमारे ८३, आणि ७० वर्षांच्या बाईचे तेच १.२ म्हणजे सुमारे ४९. यावलच्या एखाद्या वृद्ध आजींच्या हातात बिनतारांकित रिपोर्ट असतो आणि त्यांची निम्मी किडनी केव्हाच गेलेली असते. म्हणून क्रिएटिनिनबरोबर ईजीएफआर लिहून घेतला पाहिजे आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासले पाहिजे. अल्ब्युमिन गळू लागले की हृदयाचा धोका वाढतो, क्रिएटिनिन हलण्याआधीच.

हे सगळे खानदेशात आणखी तीव्र होते. एप्रिल-मे मध्ये जळगाव, भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हृदयाच्या रुग्णाला लघवीची गोळी असते, रक्तदाबाची गोळी असते. त्यात दिवसभर उन्हात काम, किंवा लग्नाच्या पंगतीनंतर उलट्या-जुलाब झाले, की शरीरातले पाणी उतरते आणि किडनी एकदम बसते. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेतली तर या तिन्ही गोळ्या मिळून किडनीला अक्षरशः घेरतात. कापणीच्या हंगामात ही गोळी सहज हाताशी असते. दुसऱ्या बाजूला मीठ आहे. बिबड्या, पापड, कुरडया यांचे वाळवण हा इथल्या उन्हाळ्याचा अभिमान, पण पापडखार आणि मीठ दोन्हींतून सोडियम पोटात जाते. ‘कमी सोडियमचे’ मीठ आणून प्रश्न सुटत नाही, कारण त्यात सोडियमची जागा बहुधा पोटॅशियमने घेतलेली असते.

पोटॅशियमवर इथे थोडे थांबले पाहिजे, कारण रावेर, यावल, चोपड्याचे अर्थकारण केळीवर उभे आहे आणि जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मध्यम आकाराच्या केळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. धडधाकट माणसाला ते उत्तमच. पण किडनी मंदावलेली असेल आणि हृदयाच्या स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिलसारख्या गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाची लय बिघडवू शकते. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनचे मोठे यश जाहीर झाले आणि कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ते सर्रास लिहिले जाऊ लागले. पुढच्या काही वर्षांत तिथे पोटॅशियम वाढून रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण अनेक पटींनी चढले. औषध चांगलेच होते, तपासणी कमी पडली. म्हणून ‘केळी खाऊ नका’ असा सरसकट सल्ला मला मान्य नाही. पोटॅशियम मोजल्याशिवाय केळी बंदही करू नये आणि भरपूर खाण्याचा सल्लाही देऊ नये.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे, आणि क्रिएटिनिन ही अगदी स्वस्त चाचण्यांपैकी एक आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि डायलिसिस येतात. पण योजनेचा भर भरती झालेल्या रुग्णावर आहे, म्हणजे धोका बराच पुढे गेल्यावर. २०२३ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा विस्तार करून किडनीचा दीर्घ आजार त्यात घेतला गेला. आता हृदय, साखर, रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर ईजीएफआरची जागा ठेवायला अडचण नसावी.

वाचकहो, घरात हृदयाचा रुग्ण असेल तर मार्च महिन्यात, ऊन तापण्याआधी, त्यांचे क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्या. रिपोर्ट हातात पडल्यावर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: मागच्या वेळेपेक्षा किडनी किती बदलली, आणि उलटी-जुलाब झाल्यास कोणती गोळी थांबवायची. उत्तरे फाईलच्या पहिल्या पानावर, पंपिंगच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.