ऑर्किड लावायचंय? आधी पाणी तपासा



आपल्यातल्या काही ताया शेडनेटमध्ये डेंड्रोबियम ऑर्किड लावायचं म्हणतायत. फूल बरेच दिवस टिकतं, म्हणून मागणी असते. पण रोपं महाग असतात आणि ती आपण गटाच्या कर्जातून घेणार. रोपं मेली तरी हप्ता चुकत नाही. म्हणून रोपांच्या आधी पाण्याचं बघू या.

बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर बसतो. हे जड पाणी. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात.

मग याच पाण्यावर आपला कांदा, ज्वारी कशी येते? माती बराचसा भार सोसते. ऑर्किड मातीत नसतं. ते कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणांवर वाढतं. त्याच्या मुळांवर स्पंजासारखी पांढरट साल असते, ती पाणी शोषते. पाणी उडून जातं, क्षार तिथंच साचतात. मग मुळांची टोकं काळी पडतात, पानांवर पांढरे डाग येतात, वाढ थांबते. आपल्याला वाटतं खत कमी पडलं! पण खत म्हणजेसुद्धा क्षारच. जास्त घातलं की रोप आणखी बिघडतं.

पाणी कसं तपासायचं?
पेनासारखं टीडीएस मीटर मिळतं. गटात एक पुरे. पाण्यात बुडवा, आकडा वाचा.
- 200 पर्यंत : चांगलं.
- 200 ते 500 : जपून. आठवड्यातून एकदा पावसाच्या पाण्याने कुंड्या भरपूर धुऊन काढा.
- 500 च्या वर : नुसतं वापरू नका.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम
एक चौरस मीटर पत्र्यावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी मिळतं. 20 चौरस मीटर पत्रा आणि 500 मिलिमीटर पाऊस धरला, थोडं वाया गेलं तरी 8,000 लिटर हाती येतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरची घाण असते. टाकी झाकून ठेवा.

100 कुंड्यांना एका वेळी साधारण 20 लिटर लागतं. दिवसाआड घातलं तर 1,000 लिटरची टाकी 100 दिवस पुरते.

पाणी कमी पडलं तर मिसळा. बोअरचा टीडीएस 800 असेल, तर एक बादली बोअरच्या पाण्यात चार बादल्या पावसाचं पाणी घाला. आकडा 175 च्या आसपास येतो. मिसळल्यावर मीटर पुन्हा लावून बघाच.

या चुका नकोत
- तुरटीने गाळ बसतो, क्षार जात नाहीत.
- उकळून थोडेच क्षार कमी होतात, सरपण मात्र जळतं.
- मीठ घालून चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी नको. त्यात सोडियम येतं.
- आरओ मशीनचं शुद्ध पाणी चालतं, पण बाहेर टाकलेलं पाणी नको. त्यात क्षार जास्त असतात.

पाणी सकाळी घाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात.

तेव्हा ताईंनो, कर्जाच्या अर्जाआधी बाटलीभर बोअरचं पाणी बैठकीला आणा. सगळ्या मिळून आकडा बघू आणि मगच रोपांचं ठरवू.