हात बसलेला असूनही परीक्षेत का अडखळतो?

घरी तीनतालातला कायदा, म्हणजे ठरावीक नियमांनी विस्तारत जाणारी रचना, बिनचूक वाजतो आणि परीक्षकांसमोर तिसऱ्या पलट्यातच, म्हणजे त्या रचनेच्या तिसऱ्या विस्तारातच, हात अडकतो, ही तक्रार तबल्याच्या प्रत्येक वर्गात ऐकू येते. त्यावर 'आत्मविश्वास ठेव' असा सल्ला मिळतो; पण ठेवायचा कसा, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते चुकलं तरी सम सापडेल, ही सवय हाताला लावली की आत्मविश्वास येतो. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तीनतालात एकूण १६ मात्रा असतात.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. भीतीनं अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरणारं रसायन, वाढतं. छाती धडधडते, बोटं गार पडतात, तळव्यांना घाम सुटतो. खांदे वर चढतात, श्वास रोखला जातो. नेहमीची लय संथ वाटू लागते आणि आपण नकळत पुढे पळतो. हे सगळ्यांनाच होतं, कसलेल्या कलावंतांनाही. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ १९५३ पासून १२ वर्षं मंचावर आलेच नव्हते.

रियाझात बहुतेकांची एक चूक होते. कायदा कायम मुखापासूनच, म्हणजे त्याच्या मूळ ओळीपासूनच, वाजवला जातो. मध्ये कुठे तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे हाताला फक्त सुरुवात पाठ होते. आपण लेहरा, म्हणजे पेटीवर किंवा अ‍ॅपवर फिरत राहणारी तालाची धून, चालू करावी आणि मधल्याच कुठल्या तरी मात्रेवर ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, धरावा. मधलाच पलटा उचलून समेवर यावं. मुद्दाम थांबावं, दोन मात्रा सोडाव्यात, पुन्हा धून ऐकून सम गाठावी. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच.

सोबत पढंत करावी, म्हणजे हातानं ताल देत बोल मोठ्यानं म्हणावेत. तोंड बोलत असताना श्वास रोखून धरता येत नाही. जो बोल तोंडात अडखळतो तो बोटांतही अडखळतो, हेही लगेच कळतं.

परीक्षेआधी महिनाभर घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर दर वेळी एकदाच, न थांबता वाजवावं. 'थांबा, परत घेतो' म्हणायची मुभा स्वतःला देऊ नये.

परीक्षेच्या दिवशी हाताला पावडर लावावी. खोली थंड असेल तर तबल्याचा सूर हलतो, म्हणून बसल्यावर तो पुन्हा तपासावा. मनातली धडधड दाबत बसू नये. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्याआधी 'मी उत्साहात आहे' असं म्हणणाऱ्यांचं गाणं 'मला धास्ती वाटतेय' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरलं. धडधड तीच, फक्त तिला दिलेलं नाव वेगळं.

लय ठरवताना फार जण फसतात. ठेका आरामात वाजतो ती लय सांगून टाकतात. पुढे त्याच कायद्याची दुगुन, म्हणजे दुप्पट गती, हाताबाहेर जाते. आपण आधी दुगुन मनात म्हणून पाहावी, ती जमेल तीच लय लेहरा धरणाऱ्याला सांगावी. मग कान लेहऱ्यावर ठेवावा. आयत्या वेळी बोटांकडे बघत बसलं की सवयीनं चाललेला हात लंगडतो.

आणि चुकलंच तर? निसटलेला बोल दुरुस्त करायला मागे जाऊ नये. तोवर लेहरा पुढे गेलेला असतो. सरळ ठेक्यावर यावं, सम ओळखावी, एक आवर्तन, म्हणजे तालाचा पूर्ण फेरा, शांतपणे वाजवावं आणि पुढचा पलटा घ्यावा. चेहरा वाकडा करू नये, माफीही मागू नये.

घरी आल्यावर निसटलेली जागा वहीत लिहून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीचा रियाझ लेहरा लावून तिथूनच सुरू करावा.