प्रत्यारोपित मूत्रपिंड आणि रुग्णनोंदीतील संकेतांक

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले म्हणजे मूत्रपिंडाचा विकार संपला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्यारोपणात बहुधा एकच मूत्रपिंड ओटीपोटात बसविले जाते. त्यामुळे डायलिसिसची गरज सहसा उरत नाही. परंतु त्याची गाळणक्षमता दोन निरोगी मूत्रपिंडांइतकी असतेच असे नाही. रुग्णाची ही स्थिती दप्तरात नेमकी नोंदविण्यासाठी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील संकेतांक उपयोगी पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दीर्घकालीन मूत्रपिंडविकारास 'एन १८' हा संकेतांक आहे. गाळणक्षमतेनुसार या विकाराच्या पाच अवस्था मानल्या जातात. पहिल्या अवस्थेत ही क्षमता मिनिटास ९० मिलिलिटर किंवा अधिक असते, तर पाचव्या अवस्थेत ती १५ हून कमी होते. रुग्णाचे मूत्रपिंड प्रत्यारोपित आहे, हे 'झेड ९४.०' या संकेतांकाने कळते. प्रत्यारोपणानंतरही विकार शिल्लक असेल, तर हे दोन्ही संकेतांक एकत्र लिहिले जातात. केवळ विकार शिल्लक आहे, म्हणून प्रत्यारोपण फसले असे ठरत नाही. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारले किंवा ते निकामी झाले, असे निदान डॉक्टरांनी केले असेल तरच 'टी ८६.१' हा संकेतांक योजावयाचा असतो. मग त्याच मूत्रपिंडासाठी 'झेड ९४.०' लिहीत नाहीत. निदान संदिग्ध असल्यास नोंद करणाऱ्याने तर्क न करता डॉक्टरांनाच विचारणे श्रेयस्कर होय.

अवयव प्रत्यारोपणासंबंधीचा १९९४ चा केंद्रीय कायदा प्रथम ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व हिमाचल प्रदेश यांच्यासमवेत गोवाही होता. प्रत्यारोपण मोठ्या रुग्णालयात होत असले, तरी रुग्ण पुढील आयुष्य आपल्या गावीच कंठतो. समजा, पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील अशा एखाद्या रुग्णास रात्री ताप भरला आणि बांबोळीला जाण्याऐवजी त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात नेले. त्याच्या कागदावर केवळ 'एन १८' असेल, तर तो रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत आहे, हे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात येईलच असे नाही. अशा रुग्णाचा साधा वाटणारा तापही गंभीर ठरू शकतो. शिवाय काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडास अपायकारक असतात. उलटपक्षी, 'टी ८६.१' अकारण लिहिला गेल्यास चांगले चाललेले मूत्रपिंड कागदोपत्री निकामी ठरते आणि प्रत्यारोपणाच्या यशाची आकडेवारीही चुकते.

वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली असून तीत संकेतांकांची रचना बदललेली आहे. नोंद नेमकी असावी, हे तत्त्व मात्र कायम आहे. रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनी डिस्चार्ज कार्ड व औषधांची यादी सदैव जवळ बाळगावी आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर प्रत्यारोपणाची माहिती प्रथम सांगावी. दप्तरातील दोन अक्षरांचा फरक रुग्णाच्या जिवाशी निगडित असू शकतो, याची जाणीव सर्व संबंधितांनी ठेवणे अगत्याचे आहे.