कन्याकुमारीचे ‘कोमोरिन’ कसे झाले?

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वार्तापत्रांत ‘कोमोरिन क्षेत्र’ हा उल्लेख वारंवार आढळतो. ऐकणाऱ्यास ते एखाद्या दूरच्या बेटाचे नाव वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात ते भारताच्या मुख्य भूमीच्या दक्षिण टोकाशी, म्हणजेच तामिळनाडूतील कन्याकुमारी भूशिराशी व त्यालगतच्या समुद्राशी निगडित आहे. (देशाचे सर्वांत दक्षिणेकडील स्थान मात्र ग्रेट निकोबार बेटावरील इंदिरा पॉइंट हे आहे.)

या भूशिरास नाव लाभले ते तेथील देवीमुळे. आख्यायिकेनुसार बाणासुराचा वध केवळ कुमारिकेच्या हातूनच होऊ शकत होता. देवीचा विवाह जवळच्या सुचिंद्रम येथील शंकराशी ठरला होता. विवाह झाल्यास असुराचा वध होणार नाही, हे जाणून नारदाने मुहूर्तापूर्वीच कोंबड्याच्या आरवण्याचा आवाज काढला. पहाट झाली असे समजून वऱ्हाड परतले आणि देवी कुमारिकाच राहिली. लग्नासाठी आणलेल्या धान्याची वाळू झाली, असेही सांगितले जाते. येथील वाळूचे निरनिराळे रंग वस्तुतः गार्नेट, इल्मेनाइट व मोनाझाइट यांसारख्या खनिजांमुळे आलेले आहेत.

नावाचे प्राचीनत्व मात्र केवळ आख्यायिकेवर अवलंबून नाही. ‘तोल्काप्पियम’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथाच्या प्रास्ताविक पद्यात तमिळ प्रदेशाची दक्षिण सीमा म्हणून ‘कुमरी’चा निर्देश आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘कोमार’ हे स्थान येते. तेथे व्रतस्थ स्त्री-पुरुष येऊन समुद्रस्नान करतात व ब्रह्मचर्याने राहतात, कारण एका देवीने तेथे वास करून स्नान केले होते, अशी माहिती लेखकाने दिली आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलवेत्ता टॉलेमी याने हे भूशिर ‘कोमारिया’ या नावाने नोंदविले. तेराव्या शतकाच्या अखेरीस येथून गेलेल्या मार्को पोलोने त्यास ‘कोमारी’ म्हटले.

पोर्तुगीजांनी अखेरच्या स्वरास अनुनासिक उच्चाराची जोड दिली आणि ‘कोमोरीं’ हे रूप रूढ झाले. इंग्रजांनी त्याचे ‘केप कोमोरिन’ केले. मराठी वाचकांना ही प्रक्रिया अपरिचित नाही. वसईचे पोर्तुगीजांच्या मुखी ‘बासाईं’ आणि पुढे इंग्रजीत ‘बसीन’ झाले, ते याच रीतीने. तात्पर्य, ‘कोमोरिन’ हे परकीयांनी नव्याने दिलेले नाव नसून ‘कुमारी’ याच शब्दाचे बदललेले रूप आहे.

स्वातंत्र्यानंतर या नावास राजकीय महत्त्वही प्राप्त झाले. हा भाग तेव्हा त्रावणकोर-कोचीन राज्यात होता. तेथील तमिळ भाषकांनी मद्रास राज्यात विलीन होण्यासाठी आंदोलन केले. ऑगस्ट १९५४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात काही आंदोलक मृत्युमुखी पडले. राज्य पुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी अगस्तीश्वरम, तोवाळै, कल्कुळम व विळवंकोड हे चार तालुके मद्रास राज्यास जोडण्यात आले आणि त्यांच्या नव्या जिल्ह्यास कन्याकुमारी हेच नाव देण्यात आले.

जुने इंग्रजी रूप मात्र हवामानविषयक परिभाषेत टिकून राहिले. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी ‘ओखी’ चक्रीवादळ तयार झाले, ते याच कोमोरिन क्षेत्रात. त्यावेळी कन्याकुमारी जिल्ह्यातील व केरळमधील असंख्य मच्छिमार खोल समुद्रात होते. त्यांपैकी अनेकांना प्राण गमवावे लागले. दक्षिणेकडील कित्येक नौकांनी वादळापासून बचावासाठी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आश्रय घेतला. मच्छिमारांसाठीचा इशारा त्यांच्या परिचयाच्या भाषेत व वेळेत पोहोचणे किती आवश्यक आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. म्हणूनच वार्तापत्रातील ‘कोमोरिन’ म्हणजे कन्याकुमारीचाच समुद्र, हे ठाऊक असणे केवळ कुतूहलापुरते महत्त्वाचे नाही.