बिअरमधलं ग्लुटेन नेहमीच्या टेस्टला का सापडत नाही?

सिलिॲक आजार असलेल्यांना गव्हाइतकंच जवाचंही, म्हणजे बार्लीचं, वावडं असतं. जवातलं हॉर्डीन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की त्यांच्या लहान आतड्याला इजा होते. हे हॉर्डीन पदार्थात आहे की नाही, हे शोधायला मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरतात. एकाच पेशीच्या वंशातून आलेल्या, तंतोतंत सारख्या अँटिबॉडी. त्या बनवायची पद्धत कोलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये मांडली आणि 1984 मध्ये नोबेल मिळवलं.

ग्लुटेनसाठी 'आर5' ही अँटिबॉडी जास्त वापरात आहे. गंमत म्हणजे ती बनवली राय या धान्याच्या प्रोटीनवरून, पण ती गहू आणि जवही ओळखते. कारण अमिनो आम्लांचा तोच छोटा तुकडा तिन्ही धान्यांत पुन्हा पुन्हा येतो.

नेहमीच्या टेस्टमध्ये एक अँटिबॉडी प्रोटीनला धरून ठेवते, दुसरी त्याच प्रोटीनला वेगळ्या जागी चिकटते आणि मग रंग दिसतो. म्हणजे जागा दोन हव्यात. बिअरसाठी जवाला मोड आणतात, मग आंबवतात. यात हॉर्डीनचे तुकडे पडतात. एकच जागा उरलेला तुकडा या टेस्टमधून निसटतो, आतड्याला मात्र तो त्रास देऊ शकतो.

त्यासाठी एका जागेवर भागणारी 'कॉम्पिटिटिव्ह' टेस्ट आहे. पण तुकडे लहान-मोठे असल्याने तिचा आकडाही पक्का मानता येत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने 2020 च्या नियमात आंबवलेल्या 'ग्लुटेन फ्री' पदार्थांसाठी आंबवण्याआधीच्या कच्च्या मालाच्या नोंदी मागितल्या.