अण्णा भाऊंनी पाहिलेला रशिया

नांदेड-लातूरकडे १ ऑगस्टला गावोगाव अण्णा भाऊ साठ्यांची जयंती होते, मिरवणुका निघतात. परंतु दीड दिवस शाळेत गेलेला हा वाटेगावचा शाहीर १९६१ साली रशियात जाऊन आला, त्याने 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला, त्याची चर्चा फारशी कोणी करीत नाही. ती येथे करावयाची आहे.

आधी त्यांची ओढ समजून घेतली पाहिजे. १८९७ च्या खानेसुमारीत रशियातील साक्षर शेकडा तिसांच्या आत होते. १९५९ पर्यंत तेथे निरक्षरता जवळजवळ उरली नव्हती. आमच्या हैदराबाद राज्यात मात्र १९५१ साली साक्षरता शेकडा दहाच्या आसपासच घुटमळत होती. ज्याच्या जातीला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्या मनात हा हिशेब किती खोल उतरला असेल! स्टालिनग्राडचा पोवाडा रचणाऱ्याला तो देश परका वाटावा तरी कसा?

पण पाहुण्याला ओसरी दिसते, माजघर दिसत नाही. त्याच १९६१ च्या ऑक्टोबरअखेर स्टालिनचे शव लेनिनशेजारून हलविण्यात आले, आणि नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे व्होल्गोग्राड झाले. पुढच्याच वर्षी, जून १९६२ मध्ये, नोव्होचेर्कास्क येथे मांस-लोणी महागले म्हणून कारखान्यातले कामगार संपावर गेले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसे मेली. मृतांना गुपचूप पुरले आणि ही हकीकत पंचवीसएक वर्षे दडपून ठेवली.

कामगारांच्या राज्यात हे कसे घडते? निजामी अंमल पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना ते सांगावे लागले नसते. देशमुखाविरुद्ध तक्रार न्यावी, तर चावडीही त्याचीच आणि ठाणेही त्याच्याच कह्यात! रशियात कारखाना, वृत्तपत्र, न्यायालय, इतकेच काय कामगारसंघही, एकाच पक्षाच्या मुठीत होते. मालक गेला, पण दाद मागण्याची जागाही गेली. भाकरीचा प्रश्न आधी सोडवू, बोलण्याचे मागाहून पाहू, असे म्हणणाऱ्यांनी नोव्होचेर्कास्ककडे पाहावे. तेथे भाकरीविषयीच बोलावयाचे होते. शाळा मात्र खोट्या नव्हत्या, हेही तितकेच खरे. अण्णा भाऊंच्या डोळ्यांना आम्ही दोष देणार नाही.

ऑगस्ट १९९१ मध्ये गुप्त पोलिसांचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा पुतळा मॉस्कोच्या चौकातून उतरविला गेला. उतरविलेल्या पुतळ्यांच्या बागेत आम्ही तो पाहिला; पोरे त्याच्या आसपास खेळत होती. त्याच शहरात परकीय साहित्याच्या ग्रंथालयात सप्टेंबर २०२२ मध्ये अण्णा भाऊंचा पुतळा बसला. आमच्या माणसाचा मान झाला, याचा आनंद आहेच. मात्र स्टालिनच्या छावण्यांत मेलेल्यांची नावे गोळा करणारी 'मेमोरियल' ही संस्था विसर्जित करण्याचा हुकूम तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो त्याआधी नऊच महिने, डिसेंबर २०२१ मध्ये.