वाट पाहणे हाही उपचारच

एका कानाने टेलिफोन नीट ऐकू येईना, त्यात अखंड गुणगुण सुरू झाली, की माणूस वयाला दोष देतो. पुढे एमआरआयमध्ये ‘अकूस्टिक न्यूरोमा’ची वाटाण्याएवढी गाठ दिसते आणि घरात हलकल्लोळ उडतो. वस्तुतः ही गाठ कर्करोगाची नव्हे. तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून ती उगवते. वाढली तर बहुधा वर्षाकाठी एक-दोन मिलिमीटर, पुष्कळदा तेवढीही नाही. पंचाईत अशी, की चेहऱ्याचा मज्जातंतू तिला खेटूनच जातो. शस्त्रक्रियेत त्याला इजा झाली, तर पापणी मिटत नाही, हसू वाकडे होते.

हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा प्रश्न जीव वाचवण्याचा होता. आज लहान गाठीपुरता तरी तो तसा उरलेला नाही. नॉर्वेतील १०० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लगेच किरणोपचार घेतलेल्यांची गाठ चार वर्षांत आक्रसली. परंतु श्रवण आणि जीवनमान यांत नुसते लक्ष ठेवलेल्यांहून लक्षणीय फरक आढळला नाही.

शल्यविशारदाला शस्त्र जवळचे वाटते, किरणतज्ज्ञाला किरण. हा दोष नव्हे, सवय आहे. म्हणूनच दोघांचेही मत घ्यावे. मोठी गाठ मस्तिष्कस्तंभावर दाब देऊ लागली, तर थांबणे धोक्याचेच. पण लहान गाठीच्या वृद्ध रुग्णामागे ‘एकदाची काढून टाका’ असा लकडा लावणाऱ्या आप्तांना, गेलेले ऐकणे कोणत्याच वाटेने सहसा परतत नाही, हे कोणी सांगितलेलेच नसते.